तिसऱ्या भागाचा चौरंग

आमच्या वाचनालयात पुस्तक परत करायचं तर नुसतं पुस्तक आणून भागत नाही, मतही आणावं लागतं. दाराशी एक लांबट वही खिळ्याला दोरीने बांधलेली असते. तिच्यात अभिप्राय लिहिला की पुस्तक जमा. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही. पण काशीतल्या मराठी माणसाला कुणी मत मागितलं की तो न वाचलेलं पुस्तकसुद्धा वेळेवर परत करतो, हे त्या माणसाने बरोबर ओळखलं होतं.

वाचनालय म्हणजे बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत दोन खोल्या. रविवारी सकाळी उघडतात. मी तिथली ग्रंथपाल, बिनपगारी. एरवी मी बँकेत असते. मी बी.ए. आहे. हे मी मध्येच सांगते म्हणून कुणी हसू नये, कारण आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. बाबा स्टेशनावर उतरलेल्या मराठी यात्रेकरूंना गोळा करून त्यांच्या उपाध्यायांच्या दारापर्यंत पोचवायचे. आई याच मोहल्ल्यात सात घरी पोळ्या लाटायची. वाचनालयाच्या कार्यकारिणीत पाच जण आहेत आणि पाचही जण आईच्या हातच्या पोळ्या खाऊन मोठे झालेले किंवा म्हातारे झालेले आहेत, मला धरून. फरक इतकाच की बाकीच्या चौघांना ते आठवत नाही आणि मला विसरता येत नाही.

आम्हा लोकांची मराठी घरातच राहते. गल्लीत उतरलं की हिंदी. मुलं तर घरातही आईने मराठीत विचारलं की उत्तर हिंदीत देतात. म्हणून कार्यकारिणीत घेतल्यावर मी पहिल्याच बैठकीत एक कपाट मागितलं. मुलांच्या पुस्तकांसाठी.

कपाट होतं. पण त्यात जुनी पंचांगं होती. सेक्रेटरी काका रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांनी ती वर्षांप्रमाणे लावून, चिठ्ठ्या डकवून ठेवलेली.

"काका, होऊन गेलेल्या वर्षांची पंचांगं कुणाला लागतात?"

"लागतात."

"कधी?"

"कधी तरी. म्याडम, तुम्ही बँकेत आहात. तुम्ही जुने कागद फेकता काय?"

शेवटी अध्यक्षांनी मध्ये पडून पंचांगं माळ्यावर चढवली. अध्यक्ष म्हणजे शास्त्रीबुवा. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस, त्यामुळे शब्द मोजून वापरतात आणि दुसऱ्याचेही मोजतात. ते म्हणाले, "एक वर्ष बघू. मुलं आली तर कपाट मुलांचं, नाही तर काकांचं." सेक्रेटरी काकांनी तो शब्द लगेच इतिवृत्तात टिपून घेतला. या सगळ्या गोष्टीत माझं काय पणाला लागलं होतं ते एवढंच, एक कपाट. लोकांना ते कमी वाटेल. ज्या खोलीत माझी आई फक्त समारंभाच्या दिवशी मागच्या दाराने, हाताला पीठ लावून आली, त्या खोलीत माझ्या शब्दाखातर एक कपाट रिकामं झालं होतं. ते मला परत द्यायचं नव्हतं.

कपाटात मी पहिल्यांदा आणली ती एक पाच भागांची अद्भुत कादंबरी. तेव्हा दोनच भाग निघाले होते. पुण्याकडच्या कुणा तरुण लेखिकेने लिहिलेली. त्यात एक मुलगी आहे, तिने हाक मारली की नद्या उठून येतात. तिच्यामागे धुराच्या घोड्यांवरचे स्वार लागलेले असतात. बरोबर दोन मुलगे असतात, एकाची सावली अर्धीच पडते आणि दुसरा चांगल्या घरचा आहे. बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी, असं मलपृष्ठावर लिहिलेलं.

अडचण अशी झाली की मुलांना मराठी समजत होतं, वाचता येत नव्हतं. जोडाक्षर आलं की गाडी रुळावरून खाली. म्हणून मी सुचवलं की आपण ते मोठ्याने वाचून दाखवू.

शास्त्रीबुवा म्हणाले, "वाचायचंच तर रीतीने वाचू."

आमच्याकडे मोठ्याने वाचायची रीत एकच. सात दिवसांचा सप्ताह. चौरंग, त्यावर लाल कापड, तांब्यावर नारळ, समोर पोथी. पहिल्या दिवशी हातावर पाणी सोडून संकल्प, सातव्या दिवशी समाप्ती, आरती, शिरा. या पलीकडे पुस्तक मोठ्याने वाचायचा दुसरा काही प्रकार असू शकतो हे कुणाच्या मनातच आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही. मी बी.ए. असले तरी वाढले याच गल्लीत.

तर श्रावणात, रोज संध्याकाळी पाच ते सात, धुराच्या घोड्यांचा सप्ताह झाला. खोली भरली. मुलं आली, मुलांना सोडायला आलेल्या आया बसल्या, आणि पाय दुखतात म्हणून घाटावर न जाणारी सगळी मंडळी आली. पहिल्या भागाच्या शेवटी मुलीने नदीला बोलावून शत्रूचा किल्ला बुडवला. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून "उत्तम" म्हटलं, आरती झाली. कार्तिकात दुसरा भाग झाला. त्याच्या शेवटी तिला राज्य मिळतं. पुन्हा आरती. सेक्रेटरी काकांची अकरा वर्षांची नात हळूहळू पुढची पानं स्वतःच वाचायला लागली आणि एकदा मला येऊन म्हणाली, "आत्या, 'प्रत्यंचा' मतलब काय?" त्या दिवशी मी घरी जाताना लस्सी प्यायले.

मग माघात तिसरा भाग आला.

सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी नैवेद्य कुणाकडून यावर खोळंबा झाला. आधीचे दोन वाचनालयातर्फे झाले होते. यावेळी सेक्रेटरी काका म्हणाले, दर वेळी वाचनालयच का. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग कुणी तांब्याकडे बघितलं, कुणी छताकडे. आई दाराशी बसली होती. दोन सप्ताह ती तिथेच बसली होती, उंबऱ्याला टेकून, आत ये म्हटलं तरी "इथे वारा येतो" म्हणायची. तिथूनच ती म्हणाली, "शिरा माझ्याकडून."

"मग संकल्पही तुमच्याच नावाने," शास्त्रीबुवा म्हणाले. आईला पुढे बोलावून तिच्या हातावर पाणी दिलं, गोत्र विचारलं, तिने पाणी खाली सोडलं, आणि वाचन सुरू झालं. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. पाण्याकडे पुन्हा कुणी लक्ष दिलं नाही.

आता तिसऱ्या भागाबद्दल. मुलीचा आवाज जातो. त्यामुळे नद्या येत नाहीत. मग ती मिठाच्या वाळवंटातून चालत निघते. पहिल्या दिवशी चालली, दुसऱ्या दिवशी चालली. तिसऱ्या दिवशी मला वाटलं आज काहीतरी होईल, तर ती बसली आणि तिला बालपण आठवलं. चौथ्या दिवशी ते दोघे मुलगे तिच्यावरून अबोला धरतात. पाचव्या दिवशी खिडकीतून माकड आलं, चौरंगावरचं केळं घेताना पुस्तकाचं एक पान ओढून घेऊन गेलं. मी पुढच्या पानावरून वाचायला सुरुवात केली. कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

सातव्या दिवशी, शेवटच्या दोन पानांवर, वाळवंटात एक विहीर लागते. मुलगी आत पायऱ्या उतरते. वरून दार बंद होतं. मी पुस्तक मिटलं.

"पुढे?" शास्त्रीबुवा म्हणाले.

"संपलं."

"अध्याय संपला. ग्रंथ?"

"तोही."

"ती विहिरीत आहे."

"हो."

"तिला विहिरीत टाकून ग्रंथ संपला?"

"पुढच्या भागात कळेल," मी म्हणाले. "तिसरा भाग मधला आहे ना, बुवा."

"मधला म्हणजे काय? समाप्ती ही मध्ये नसते. आरती कशाची करायची, विहिरीची?"

निरांजन पेटवून तयार होतं. मुलं उभी राहिली होती. मागे शिरा निवून घट्ट व्हायला लागला होता. शास्त्रीबुवांनी निर्णय दिला: कथा अपुरी, म्हणून पारायण अपुरं, म्हणून समाप्ती नाही, आणि समाप्ती होईपर्यंत चौरंग हलवायचा नाही. शिरा वाटायला हरकत नाही, मात्र प्रसाद म्हणून नाही, नाश्ता म्हणून. यावर आमच्या कार्यकारिणीतल्या मुख्याध्यापिकाबाईंची पंचाईत झाली. त्यांचा उपास होता. उपासाला चिमूटभर प्रसाद चालतो, नाश्ता चालत नाही. त्या डबा भरून घरी घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी गरम करून खाल्ला.

चौरंग राहिला. खोलीच्या बरोब्बर मधोमध. वर्तमानपत्रांचं टेबल भिंतीला गेलं. जो येईल तो चौरंगाला वळसा घालून कपाटाकडे जायचा, त्यामुळे पुस्तक बदलणाऱ्यांच्या नावावर विनासायास प्रदक्षिणा जमा होऊ लागल्या. दीड महिन्याने तांब्यावरच्या नारळाला कोंब फुटला. हा शुभशकुन की सूचना, यावर दोन पक्ष पडले.

आणि वहीत अभिप्राय येऊ लागले.

शास्त्रीबुवांनी लिहिलं: "आरंभी मंगल नाही, मध्ये कथा नाही, अंती फलश्रुती नाही. कागद उत्तम."

सेक्रेटरी काकांनी लिहिलं: "नायिका पान चाळीसवर निघते आणि पान तीनशेपर्यंत पोहोचत नाही. विलंबाचं कारण कुठेही दिलेलं नाही. आमच्या वेळी चौकशी बसली असती."

मुख्याध्यापिकाबाईंनी लाल शाईने: "दोघांतला एक मुलगा निवडायला तीन भाग लागत असतील तर मुलीने अभ्यास कधी करायचा? दुसरा मुलगा चांगल्या घरचा आहे. विषय तिथेच संपतो."

रामनगरहून होडीने येणारे एक सभासद आहेत, त्यांची हरकत पहिल्या भागाविषयी होती पण मांडायची संधी त्यांना आत्ता मिळाली: "भर पुरात एकटी मुलगी उलट्या प्रवाहात नाव नेते. लेखिकेने एकदा आमच्याबरोबर यावं." त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात: "वाळवंटात नाव नाही, तरी हा अभिप्राय ग्राह्य धरावा काय?"

नातीने लिहिलं, आणि तिचं मराठी जसं आहे तसंच देते: "ये पार्ट मध्ये काहीच होत नाही. घोडे पण नाही आले. आजोबा झोपले होते मी बघितलं. पण अर्ध्या सावलीवाला मुलगा मला खूप आवडतो. पाचपैकी दोन स्टार. पुढचा कधी?"

कार्यकारिणीतले पाचवे सभासद वैदिक आजोबा. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, आणि कुठल्याही वहीत ते एकच शब्द लिहितात: "वरीलप्रमाणे." यावेळी त्यांच्या वर नातीचा अभिप्राय होता. त्यामुळे आमच्या वाचनालयाच्या दप्तरी अशी नोंद आहे की वैदिक आजोबांना अर्ध्या सावलीचा मुलगा खूप आवडतो.

मी काहीच लिहिलं नाही. मला तो भाग आवडला का? नाही. रात्रीच्या भाजीचा विचार करत मी त्यातली निम्मी पानं वाचली. पण माझं कपाट त्या पुस्तकावर उभं होतं, म्हणून मी भेटेल त्याला सांगत सुटले की मधला भाग असाच असतो, त्यात पात्रं आतून वाढतात. हे मी कॉलेजात कुठेतरी ऐकलेलं. सेक्रेटरी काका म्हणाले, "म्याडम, आतून वाढली ते ठीक. आम्हाला बाहेरून काय दिसलं ते विचारा."

फाल्गुनात चौथा भाग निघाल्याचं कळलं. चैत्रातल्या बैठकीसाठी सेक्रेटरी काकांनी विषय टाकला: वाचकांचे प्रतिकूल अभिप्राय पाहता सदर मालिका बंद करावी, आणि मालिका बंद झाल्याने रिकामं होणारं कपाट पूर्ववत पंचांगांस द्यावं. मोजून बघितलं तर तिघे त्यांच्या बाजूला होते, ते स्वतः, मुख्याध्यापिकाबाई आणि वरीलप्रमाणे. शास्त्रीबुवांचं काय होईल ते "कागद उत्तम" वरून कळत होतंच.

बैठकीच्या आदल्या रविवारी नात मला कपाटाजवळ गाठून म्हणाली, "आत्या, वो मर गयी काय? मला सांग ना. मी आजोबांना नाही सांगणार."

"मला पण माहीत नाही गं."

"तुम तो बी.ए. हो."



शनिवारी मी वहीची दोरी सोडून ती घरी नेली. सगळे अभिप्राय नीट वाचून, कुठे काही अनुकूल सापडतं का ते बघायचं होतं. वहीत काहीच सापडलं नाही; अनुकूल म्हणावा तर नारळाचा कोंब तेवढा. ओट्याजवळ वही ठेवून मी बाजारात गेले. आई तांदूळ निवडत बसली होती. निघताना मी तिला नुसतं म्हटलं, "उद्या कपाट जाणार बहुतेक."

"आणि ती पोरगी?"

"कोण?"

"विहिरीतली."

"ती पुस्तकात आहे, आई."

"ते मला कळतं," आई म्हणाली.

रविवारी बैठक चौरंगाच्या भोवतीच भरली, दुसरीकडे जागाच नव्हती. आमच्याकडे अशी पद्धत आहे की ठरावाआधी अध्यक्ष वहीतले अभिप्राय मोठ्याने वाचतात. शास्त्रीबुवांनी चष्मा लावून स्वतःपासून सुरुवात केली. स्वतःचा अभिप्राय त्यांनी दोनदा वाचला. काकांचा वाचला, लाल शाईचा वाचला, होडीचा वाचला. नातीचा वाचताना "आजोबा झोपले होते" पाशी जरा थांबले आणि काकांकडे न बघता पुढे गेले. "वरीलप्रमाणे" झालं. मला वाटलं संपलं. तर त्यांनी पान उलटलं.

"आणखी एक आहे," ते म्हणाले आणि वही डोळ्यांजवळ नेली. "अक्षर मोठं आहे. 'या भागात कोणी जेवत नाही. चालून चालून पोर वाळली. लिहिणारीला घाई नव्हती. मला कंटाळा आला. पण ती विहिरीत उतरली तेव्हापासून मला पडल्या पडल्या तीच दिसते. तिला वर काढा. शिरा माझा होता.'"

खाली सही होती. ती सही मी लहानपणापासून ओळखते. शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर ती होती, दर वेळी एवढा वेळ लावून केलेली की वर्गशिक्षिका कंटाळून दुसरीकडे बघायच्या. आईला सही तेवढी येते, असं मी कॉलेजच्या फॉर्मपासून बँकेच्या फॉर्मपर्यंत सगळीकडे लिहून दिलं होतं.

"हा कोणाचा?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"आईचा," मी म्हणाले.

आई दाराशीच होती. तिने पदर सारखा केला.

सेक्रेटरी काका नियमाचे पक्के. "अध्यक्ष महाराज, अभिप्राय चांगला आहे. पण वहिनी सभासद नाहीत. वही सभासदांसाठी आहे. हा धरता येत नाही."

शास्त्रीबुवा वहीकडे बघत होते. मग चौरंगाकडे बघायला लागले. मग विचारलं, "संकल्प कोणाचा होता?"

काकांनी इतिवृत्ताची पानं चाळायला सुरुवात केली.

"माघात. मी पाणी कोणाच्या हातावर दिलं?"

"वहिनींच्या," काका म्हणाले. "म्हणजे, तेव्हा नैवेद्याचं ठरत नव्हतं म्हणून."

"कशाहीसाठी असो. पाणी सोडलं म्हणजे यजमान त्या. पारायण त्यांचं. ते अपुरं आहे, याचा दोष कोणाला?" त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं, आणि वर्गात होतं तसंच सगळे खाली बघायला लागले. "यजमानाला. आणि आपण पुढचा भाग आणायचाच नाही असा ठराव केला तर ते पारायण मुद्दाम मोडलं असं होतं. मग दोष कोणाला?"

"पण बुवा, ती पोथी नाही. मुलांची गोष्ट आहे," काका म्हणाले.

"हे माघात म्हणायचं होतं. चौरंग मांडायच्या आधी."

"नॉन मेंबरच्या नावाने..."

"पाणी देताना मी पावती विचारली नव्हती."

मुख्याध्यापिकाबाईंनी घसा साफ केला. त्या म्हणाल्या, त्यांच्या सासूबाईंच्या शेवटच्या दोन वर्षांत याच वहिनी रोज सकाळी येऊन मऊ पोळ्या करून देत होत्या, तर त्यांच्यावर दोष यावा असं काही आपल्या हातून व्हायला नको. चौघांपैकी कुणाला तरी आठवत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांच्याबद्दल वर लिहिलंय ते तसंच ठेवते, कारण त्या दिवसापर्यंत माझ्या लेखी ते खरंच होतं.

वैदिक आजोबांच्या कानात काकांच्या नातीने ओरडून विषय सांगितला. ते म्हणाले, "वरीलप्रमाणे." कोणाच्या वरीलप्रमाणे ते कुणी विचारलं नाही.

ठराव असा झाला: मालिकेचा तिसरा भाग अत्यंत नीरस असल्याचं कार्यकारिणीचं एकमत आहे, सबब चौथा भाग त्वरित मागवावा. कपाट चौरंग उचलेपर्यंत आहे त्या स्थितीत राहावं. सेक्रेटरी काकांनी हे स्वतःच्या हाताने लिहिलं आणि "त्वरित" खाली रेघ मारली. बैठक संपल्यावर जिन्यात मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "म्याडम, पार्सल आलं की आधी मला सांगा. म्हणजे, नातीसाठी."

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "तुला लिहिता येतं हे मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? तू अभ्यास करायचीस तेव्हा मी समोरच लाटत बसायचे. तू मोठ्याने वाचायचीस. ऐकून ऐकून, तुझ्या वहीत बघून बघून आलं."

"आणि 'शिरा माझा होता' कशाला लिहिलंस?"

"होताच की माझा," आई म्हणाली आणि उठून पाणी प्यायला गेली. तिने ते जाणून लिहिलं होतं की साधंच, हे मी तेव्हा ठरवू शकले नाही. बी.ए.त हे शिकवत नाहीत.

पार्सल ज्येष्ठात आलं. चौथा भाग तिसऱ्याहून जाड. मी ते घरीच उघडलं आणि पहिल्यांदा मागचं पान बघितलं. तिथे बारीक अक्षरांत होतं: पाच भागांच्या मालिकेतला चौथा. म्हणजे हाही मधलाच. पाच भाग आहेत हे मला पहिल्यापासून माहीत होतं, मीच तर मागवले होते. कार्यकारिणीत ते मी कधी मोठ्याने बोलले नव्हते एवढंच. शास्त्रीबुवांना वाटत होतं की चौथ्यात मुलगी वर येईल, आरती होईल, चौरंग उचलला जाईल. चौरंग उचलला की कपाटाचा विषय पुन्हा निघणार होता.

आई रवा चाळत होती. मला वाटलं तिला तरी खरं सांगावं.

"आई, एक सांगू? हा शेवटचा नाही. अजून एक आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्याच पुस्तकाच्या मागे लिहिलं होतं. पाच."

मी पुस्तक मिटून ओट्यावर ठेवलं. चाळणीतून रवा पडत होता.

"बुवांना सांगून ठेव," आई म्हणाली, "यावेळीही शिरा माझ्याकडून. पाणी माझ्याच हातावर द्यायला सांग."